पाच किलो

फोंड्याच्या जुन्या बसस्टँडासमोर, औषधांच्या दुकानावर
अठरा पायऱ्या.
मोजल्या, कारण मान वर करून
पाटी वाचता येईना.

मी रायू शेट. चाळीस वर्षं
पाटावर बसून सोनं वितळवतो.
गिऱ्हाइकाचं तोंड मला आठवत नाही,
गळा आठवतो:
कवळ्याच्या शाळेतल्या बाईंचा, तीळ असलेला,
बोरीच्या नवरीचा, जिला साखळी दोन बोटं लांब झाली.
माझा स्वतःचा
आज पहिल्यांदाच कुणीतरी चाचपला.

लिओनोरा कुलास. वय असेल तीस.
तिनं पालथं निजवलं, टेबलाच्या भोकात तोंड.
खाली फरशी, तिच्या चपला,
कापसाचा एक बोळा.
अंगठा उतरत आला मणक्यावरून मणक्यावर,
मी ओवलेली पोवळी तपासतो तसा,
आणि पाचव्या-सहाव्याच्या मध्ये थांबला.
"हांगा?"
मी हो म्हणालो नाही. दात म्हणाले.

मग चार रबरी चकत्या, गार मलम, वायरी.
"किती सोसतं ते सांगा."
आधी काहीच नाही. मग
देवळाच्या तळीत पाय सोडल्यावर
मासोळ्या येऊन टोचतात, तसं.
म्हटलं, अजून एक गुंज वाढवा.
ती हसली. यंत्रावर गुंजा नव्हत्या.
खांदा आपला आपणच उडत होता,
कुणी न फुंकता ज्योत हलावी तसा.
अकराव्या मिनिटाला वीज गेली.
वीजखात्याला माझ्या मानेचं काय!

तिनं उताणं वळवलं,
डोकं ओंजळीत घेतलं.
"माथें सोडात, शेट. हांवें धरलां."
सोडलं, म्हणालो.
"सोडूंक ना."
खरंच नव्हतं सोडलं.
बापानं शिकवलं ते एवढंच: धर.
चिमटा धर, श्वास धर, रवा धर,
दुकान झाडल्यावरची धूळसुद्धा धर, तिच्यातही सोनं असतं.
सोडायचं कसं, ते त्यालाही ठाऊक नसावं.
वाकलेलाच गेला तो.

"डोक्याचं वजन पाच किलो," ती म्हणाली,
"वाकलात की मानेवर वीसेक किलोंचा भार."
मिलिग्रॅमसाठी भांडलेला माणूस मी.
पाच किलो चाळीस वर्षं
बिनतोल, बिनपावती
लोंबत राहिले.

केव्हा सुटलं, कळलं नाही.
पंखा थांबलेला, म्हणून पात्यांवरची धूळ दिसली
आणि माझ्या नाकावर झुलणारी तिची साखळी:
छोटा क्रूस, फाशापासून तिसरी कडी
झिजून केसाएवढी.
डोळे तेवढे अजून धरूनच होते.

"ही काढून ठेवा. आठवड्यात तुटेल.
डाख लावून देतो."
"पंधरा दिवस वाकायचं नाही, शेट."
आपापल्या धंद्यात
दोघंही बरोबर होतो.

वीज आली. यंत्र पुन्हा शून्यापासून.

साखळी रुमालात बांधून आणली.
ऐरण दोन चिऱ्यांवर चढवली. मुलगा म्हणाला,
बाबा, हे काय, देव्हारा मांडताय?
कडी डोळ्यांसमोर आली. टाकणखार लावला.
गाल फुगवून ज्योत आडवी केली, मान ताठ,
कुणी फोटो काढायला बसवल्यासारखी.
कडी लाल झाली, डाख धावला, चमकला.
ज्योतीपलीकडे दारात कुणी उभं होतं,
बहुधा मघापासून.
"शेट, ओळखलंत?"
सवयीनं आधी गळा पाहिला: तीळ.
पुढचं मात्र
मान न उचलताच समोर होतं.
कवळ्याच्या बाईंच्या हनुवटीला
खळी आहे.